डाउनरिगरवर ट्रोलिंग: आमिष खरं किती खोल आणि किती वेगात?

मिशिगनकाठ

मंडळी, इथले मासेमारीचे धागे बहुतेक खाडीचे नाहीतर धरणावरचे असतात. हा अमेरिकेतल्या लेक मिशिगन या मोठ्या तळ्याचा आहे. मिलवॉकीच्या मॅकिन्ली मरीनातून बोट काढून आम्ही चिनूक सामनच्या मागे असतो. उन्हाळ्यात हा मासा वर राहत नाही. त्याला साधारण १० ते १३ अंश सेल्सिअसचं पाणी लागतं आणि जुलैत ते ५० फूट, ८० फूट, कधी १२० फूट खाली असतं. चालत्या बोटीमागे आमिष ओढत नेणं म्हणजे ट्रोलिंग, आणि त्यात आमिष तिथवर न्यायला डाउनरिगर वापरतात.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: बोटीच्या मागच्या कठड्यावर रहाटासारखं एक चाक, त्यावर स्टीलची बारीक केबल आणि केबलच्या टोकाला ८ ते १५ पौंडांचा शिशाचा गोळा. गळाची दोरी गोळ्याजवळच्या क्लिपमध्ये अडकवायची आणि गोळा खाली सोडायचा. मासा लागला की दोरी क्लिपमधून सुटते आणि पुढे मासा नि तुम्ही, मध्ये वजन नाही. किती केबल सोडली ते चाकावरचा काउंटर सांगतो.

या तळ्यात सामन मूळचे नव्हेत, हेही सांगून टाकतो. लॅम्प्रे नावाच्या रक्तपिपासू जीवाने इथले लेक ट्राउट संपवत आणले. मग एलवाइफ या छोट्या माशाला खाणारं कुणी उरलं नाही. १९६७ च्या उन्हाळ्यात मेलेल्या एलवाइफचे ढीग किनाऱ्याला लागले होते. मिशिगन राज्याने १९६६ मध्ये प्लॅट नदीत कोहो सामन सोडले, १९६७ मध्ये चिनूक. आज आम्ही ज्यांच्या मागे फिरतो ती त्यांचीच पिलावळ.

आता प्रश्न. बोट २२ फुटी, दोन इलेक्ट्रिक डाउनरिगर, १० पौंडांचे गोळे. फिशफाइंडरवर मासे ८५ फुटांवर दिसतात. काउंटर ८५ वर आणतो. पडद्यावर गोळ्याची रेघही ८५ लाच दिसते. जीपीएसवर वेग ताशी २.४ मैल, म्हणजे स्पूनसाठी (चमच्याच्या आकाराचं धातूचं आमिष) अगदी योग्य. उत्तरेकडे चालताना मासे लागतात, बोट वळवून त्याच जागेवरून दक्षिणेकडे आलो की काही नाही. खोली तीच, वेग तोच, स्पूनही तोच. केबल मात्र कधी सरळ उभी असते, कधी चांगलीच मागे ओढली जाते. मग गोळा खरंच ८५ वर आहे का? आणि खाली वेग किती आहे हे कशावरून समजायचं?

प्रवाही

केबल मागे ओढली जाते तेव्हा खोली किती कमी होते, याचं गणित मी मांडून पाहिलं आहे. सगळीकडे एकच सूत्र सांगतात: केबलची लांबी गुणिले कोनाची कोसाइन. १०० फूट केबल आणि उभ्या रेषेपासून २६ अंश कोन असेल तर ९० फूट. हे सूत्र केबल काठीसारखी सरळ आहे असं धरतं, आणि ती तशी नसते.

पाण्याचा ओढ गोळ्यावर फार थोडा असतो. १० पौंडांचा शिशाचा गोळा जेमतेम ९ सेंटिमीटर व्यासाचा. ताशी २.५ मैलांना त्याच्यावर येणारा ओढ त्याच्या वजनाच्या विसाव्या भागाइतकाच. एकट्या गोळ्यामुळे केबल ३ अंशही कलणार नाही. खरा ओढ केबलवर असतो. १०० फुटांची ०.८ मिलिमीटर केबल धरली तर तिच्यावरचा ओढ गोळ्याच्या नऊदहा पट भरतो. हा ओढ खालून वर साठत जातो, म्हणून केबल गोळ्यापाशी जवळजवळ उभी असते आणि पाण्याच्या पृष्ठभागापाशी सर्वांत जास्त कललेली. आपल्याला दिसतो तो हा वरचा, सर्वांत वाईट कोन.

१० पौंडांचा गोल गोळा आणि १०० फूट केबल धरून माझे आकडे असे आले. ताशी २ मैलांना वरचा कोन १७ अंश, खरी खोली ९८ फूट. २.५ मैलांना २६ अंश आणि ९६ फूट. ३ मैलांना ३५ अंश आणि साधारण ९२ फूट. तिथे कोसाइनचं सूत्र ८२ सांगतं. म्हणजे सूत्र जेवढी तूट दाखवतं त्याच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास खरी तूट धरायची. मोठा फ्लॅशर (आमिषापुढे लावायची चकाकती पट्टी) लावला असेल तर त्याचा ओढ यात मिळवावा लागेल, तो मी धरलेला नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. कोन वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून २ चे २.८ झाले की कोन जवळपास दुप्पट. आणि केबल दुप्पट केली की तूट दुप्पट होत नाही, कितीतरी जास्त होते: १०० फूट केबलला २.५ च्या वेगाने ४ फूट, २०० फुटांना २० फुटांच्या वर. तेव्हा ८५ फुटांवर तुमची तूट दोनतीन फुटांची. एवढ्यासाठी मासा तोंड फिरवणार नाही. तुमचा घोळ खोलीचा नसावा.

मिशिगनकाठ

प्रवाही, कोसाइनचं सूत्र छापून बोटीत चिकटवलेलं आहे, ते आता काढतो. पण पडद्यावर गोळा बरोबर ८५ लाच दिसतो, त्याचं काय? तुमच्या हिशेबाने तो ८२-८३ ला दिसायला हवा.

ओंटारिओकर

याचं उत्तर माझ्याकडे आहे. मी पोर्ट क्रेडिटहून जातो, लेक ओंटारिओ.

फिशफाइंडरमधला सोनार खोली मोजत नाही, अंतर मोजतो. आवाज गोळ्यापर्यंत जाऊन परत यायला किती वेळ लागला, एवढंच त्याला कळतं. मासा बोटीच्या बरोबर खाली असेल तर अंतर म्हणजेच खोली. गोळा मात्र मागे गेलेला असतो. प्रवाहींच्या हिशेबातला ९६ फुटांवरचा गोळा बोटीच्या २५ फूट मागे असेल, तर तिरकं अंतर भरतं ९९ फूट. पडद्यावर ९९ दिसणार, काउंटर १०० म्हणणार आणि आपण म्हणणार, वा, दोन्ही जुळले! ते जुळणारच. दोघंही जवळपास एकच गोष्ट मोजतायत, बोटीपासून गोळ्यापर्यंतची लांबी. म्हणून या जुळण्याला खोलीचा पुरावा मानू नका.

शिवाय २० अंशांचा अरुंद किरण १०० फुटांवर जेमतेम ३५ फूट रुंद होतो, म्हणजे मधल्यापासून साडेसतरा फूट. २५ फूट मागे गेलेला गोळा त्यात येणारच नाही. वेग वाढवल्यावर गोळ्याची रेघ पडद्यावरून नाहीशी होते ती याच कारणाने. ती बघायची तर रुंद किरण लावा.

काउंटर तपासायचा असेल तर वारा नसलेल्या दिवशी सपाट तळावर जा, बोट थांबवा, गोळा तळाला टेकवा आणि केबल ढिली पडते त्या क्षणाचा आकडा सोनारच्या तळाशी ताडून पहा. हे ४० फुटांवर, ८० वर आणि १२० वर, तिन्ही ठिकाणी करा. बऱ्याच हाताने फिरवायच्या डाउनरिगरमध्ये काउंटर चाकाच्या फेऱ्या मोजतो. चाक भरलेलं असताना एका फेरीला जेवढी केबल सुटते तेवढी ते रिकामं होत आल्यावर सुटत नाही, म्हणून खोल गेल्यावर काउंटर जास्त आकडा दाखवतो. गोळा पाण्याच्या पृष्ठभागाला टेकलेला असतानाच शून्य करायचं, कठड्यापाशी लटकत असताना नाही.

आणि एक. चिनूक सहसा वर उठून आमिष घेतो, खाली सूर मारून घेताना क्वचितच. म्हणून गोळा माशांच्या रेषेपेक्षा पाचदहा फूट वर असला तर मला चालतो. खाली मात्र नको.

खवय्या_पुणे

गणित डोक्यावरून गेलं पण वाचतोय. त्या चिनूकचं कालवण कसं होतं?

ओंटारिओकर

कालवणापेक्षा तळून किंवा भाजून बरा, तेलकट मासा आहे. मात्र या तळ्यांतल्या मोठ्या माशांच्या चरबीत पीसीबीसारखी विषारी द्रव्यं साठतात. किती खावा याच्या सरकारी सूचना असतात, त्या पाहूनच खातो. कातडी आणि पोटाची चरबी काढून टाकायची. छोटा कोहो चवीला सरस.

वारा_पाणी

मी पोर्ट वॉशिंग्टनला असतो आणि या तळ्यावर बराच काळ घालवला आहे. मिशिगनकाठ, तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात: उत्तरेकडे लागतात, दक्षिणेकडे नाही. खोलीची चिंता आता सोडा. प्रश्न वेगाचा आहे.

जीपीएस बोटीचा वेग जमिनीच्या हिशेबात सांगतं. स्पूनला जमिनीशी काय देणंघेणं? त्याला फक्त त्याच्या अंगावरून जाणारं पाणी कळतं. ८५ फुटांवरचं पाणी ताशी ०.६ मैलाने दक्षिणेकडे वाहत असेल, तर उत्तरेकडे जाताना तुमचा स्पून ३.० ने चाललाय आणि दक्षिणेकडे येताना १.८ ने. पडद्यावर दोन्ही वेळा २.४. एकीकडे तो झपाट्याने थरथरतो, दुसरीकडे नुसता लोळत येतो. दक्षिणेकडे जाताना जीपीएसवर ३.६ च्या आसपास दिसू द्या, मग खाली तुमचा उत्तरेचा वेग येईल. पडद्यावर साडेतीन बघून जीव घाबरतो, म्हणून लोक वेग वाढवत नाहीत. बिनधास्त वाढवा.

खालचं पाणी वाहतं का आणि कुठे, हेही समजून घ्या. आपल्या विस्कॉन्सिनच्या, म्हणजे पश्चिम किनाऱ्यावर नैर्ऋत्येचा वारा दोन दिवस टिकला की वरचं कोमट पाणी किनाऱ्यापासून आत सरकतं. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेलं पाणी उजवीकडे वळतं. वारा उत्तरेकडे वाहतोय, उजवीकडे पूर्व, म्हणजे तळ्याचा मध्य. त्याची जागा घ्यायला खालचं थंड पाणी किनाऱ्याशी वर येतं. आदल्या दिवशी पोहण्याजोगं पाणी दुसऱ्या दिवशी हात घालवत नाही इतकं गार होतं. तेव्हा ८० फुटांवरचे मासे ३५ फुटांवर सापडतात. पलीकडच्या मिशिगनच्या किनाऱ्यावर हेच उत्तरेच्या वाऱ्याने होतं.

वारा पडल्यावरही पाणी थांबत नाही. ते गोल फिरत राहतं, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, आणि आपल्या अक्षांशावर एक फेरी साडेसतरा तासांच्या आसपास पुरी करतं. म्हणजे सकाळी ५ ला निघालात तर १० वाजेपर्यंत प्रवाहाची दिशा शंभरेक अंशांनी बदललेली असते. सकाळी उत्तरेकडे लागत होते, आता पूर्वेकडे का लागतात, असं धक्क्यावर जे ऐकू येतं त्याच्या मुळाशी बरेचदा हे असतं. मासे तिथेच असतात, पाणी वळलेलं असतं.

आता वेग कशावरून ओळखायचा. माझ्या मते केबलचा कोन हे डाउनरिगरसोबत फुकट मिळालेलं वेगमापक आहे. प्रवाहींनी सांगितलंच, कोन वेगाच्या वर्गाने बदलतो, म्हणजे थोडा वेग बदलला तरी डोळ्यांना दिसतो. कठड्यावर एक कोनमापक चिकटवा. मासा लागला त्या क्षणी कोन किती होता ते लिहून ठेवा: केबल ८५ फूट, कोन २२. पुढे कुठल्याही दिशेला जाताना जीपीएसकडे बघू नका, कोन २२ वर येईल असा थ्रॉटल ठेवा. गोळा, केबल आणि लांबी तीच हवी, यातलं काही बदललं तर नवा आकडा.

सेलिश

व्हँकुवरहून लिहितेय. आमच्याकडे तळं नाही, भरतीओहोटी आहे. वारा_पाणी काकांचं म्हणणं आम्हाला रोज अनुभवाला येतं. जॉर्जिया सामुद्रधुनीत पाण्याला ओढ असताना जीपीएसवर ०.८ दिसतं आणि केबल तरीही मस्त मागे कललेली असते, कारण आपण पाण्याच्या विरुद्ध चाललोय. तिथे जीपीएसवर वेग ठेवायला गेलं तर आमिष गरागरा फिरून दोरीला पीळ बसतो. इथली मंडळी केबल बघूनच बोट चालवतात. गोळेही आमचे जड, १५ पौंड किंवा वर. जड गोळ्याने कोन कमी होतो, पण वेगाचा फरक मग डोळ्यांना तितका स्पष्ट दिसत नाही, हे ध्यानात असू द्या.

अजून एक खूण: प्रवाह आडवा असेल तर दोन्ही केबली एकाच बाजूला झुकतात. एक बोटीखाली शिरते, दुसरी बाहेर जाते. असं दिसलं की दिशा थोडी बदलून केबली सरळ मागे येईपर्यंत वळवायचं. दोऱ्यांचा गुंता टळतो आणि प्रवाहाची रेषाही कळते.

ओंटारिओकर

काका, तुमचं वेगाबद्दलचं सगळं मान्य, पण कोनावर एवढा भरवसा मला पटत नाही. निदान जुलै-ऑगस्टमध्ये तरी नाही.

त्या दिवसांत पाण्याचे दोन थर झालेले असतात, वर कोमट, खाली थंड, मध्ये थर्मोक्लाइन. हे थर वेगवेगळ्या दिशांना वाहू शकतात, अगदी एकमेकांच्या उलटही. तुम्ही जे गोल फिरणारं पाणी म्हणता त्यात तर वरचा आणि खालचा थर बहुधा उलटेच चालतात. समजा थर्मोक्लाइन ५५ फुटांवर आहे. वरचं पाणी उत्तरेकडे ०.५ ने, खालचं दक्षिणेकडे ०.४ ने. बोट जीपीएसवर २.४. उत्तरेकडे जाताना वरचा वेग १.९, गोळ्यापाशी २.८. दक्षिणेकडे येताना वरचा २.९ आणि गोळ्यापाशी २.०. बोटीखालचं पाणचक्र (बोटीलगतच्या पाण्याचा वेग मोजणारं) तर या वेळी २.९ दाखवणार, खाली स्पून २.० ने चाललेला असताना.

आता ९० फूट केबलवरचा ओढ मांडा. ५५ फूट वरच्या पाण्यात, ३५ फूट खालच्या. लांबी गुणिले वेगाचा वर्ग केलं तर उत्तरेकडे ४७३ येतात आणि दक्षिणेकडे ६०३. म्हणजे दक्षिणेकडे येताना केबलचा कोन जास्त दिसणार, आणि गोळा मात्र हळू असणार. कोन बघून तुम्ही थ्रॉटल कमी कराल आणि आधीच मेलेला स्पून आणखी मारून टाकाल.

म्हणून मी गोळ्याजवळ बसणारा प्रोब घेतला. फिश हॉकसारखी यंत्रं गोळ्यापाशीच वेग, तापमान आणि खोली मोजून आवाजाच्या लहरींनी वर पाठवतात. महाग आहे, पण त्या क्षणापासून अंदाज संपतो. तापमान हा मला वेगापेक्षाही मोठा फायदा वाटतो. थर्मोक्लाइन ५० ला आहे की ७० ला हे गोळा खाली सोडतानाच आकड्यांत उतरत जाताना दिसतं.

प्रवाही

ओंटारिओकरांचं गणित बरोबर आहे. कोन म्हणजे संपूर्ण केबलवरच्या ओढीची बेरीज, गोळ्यापाशी काय चाललंय त्याचा तीत वाटा छोटा. पाणी वरपासून खालपर्यंत एकजीव असेल तर बेरजेवरून वेग काढता येतो, थर असतील तर नाही. थर उलट नसून एकाच दिशेने कमीजास्त वेगाने वाहत असतील तर काकांची रीत बऱ्यापैकी चालेल.

वारा_पाणी

ओंटारिओकर, मुद्दा पटला. एप्रिल-मेमध्ये पाणी एकजीव असताना आणि शरद ऋतूत थर मोडल्यावर कोन मी डोळे मिटून वापरेन. उन्हाळ्यात मात्र त्याला दुसऱ्या खुणेची जोड हवी.

प्रोब घेणं सगळ्यांना परवडणारं नाही, म्हणून त्याशिवायचं सांगतो. स्पूनला स्वतःलाच विचारायचं. एका डाउनरिगरवर पातळ पत्र्याचा हलका स्पून लावा, तो कमी वेगातही छान डोलतो. दुसऱ्यावर जाड, जड स्पून किंवा जे-प्लग (माशाच्या आकाराचं कडक आमिष) लावा, त्याला जास्त वेग लागतो. दोन्ही माशांच्या उंचीवर. सतत जाड आमिषालाच मासा लागत असेल तर खाली वेग जास्त आहे, पातळ स्पून बहुधा गिरक्या खातोय. पातळालाच लागत असेल तर खाली हळू चाललंय. पाण्यात सोडण्याआधी दोन्ही बोटीच्या कडेला पृष्ठभागावर धरून पहा. वेग हळूहळू वाढवत जा. स्पून डावीउजवीकडे डोलतो, मग जोरात थरथरतो आणि एका टप्प्यावर उलटा होऊन फिरायला लागतो. तो टप्पा प्रत्येक स्पूनचा वेगळा. डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा.

दुसरं म्हणजे वळणं. सरळ रेषेत तासन्तास चालू नका, नागमोडी चाला. वळताना आतल्या बाजूचं आमिष हळू होतं आणि थोडं खाली बसतं, बाहेरचं वेग घेतं. आतल्या गळाला लागला तर बोट हळू करा, बाहेरच्याला लागला तर वाढवा. एखादा मासा योगायोगाने लागतो, दोनतीन त्याच बाजूला लागले की विश्वास ठेवा.

मालवणची गरी

लय बरो धागो आसा! आम्ही सुरमईला ट्रोलिंग करतो ते डाउनरिगरशिवाय. डुबणारे प्लग वापरतो. एक्स-रॅप मॅग्नमवर जो आकडा असतो, १५, २०, ३०, तेवढे फूट तो खाली जातो असं कंपनी सांगते. आम्ही बोट ५-६ नॉटने पळवतो. तुमचा ताशी अडीच मैल वाचून आधी वाटलं चुकून लिहिलंय. दोनाच्या वर, तीनाच्या खाली, एवढ्या चिंचोळ्या पट्टीत सगळा खेळ का? आणि डुबणारा प्लग डाउनरिगरला लावला तर?

ओंटारिओकर

दादा, सुरमई वेगावर शिकार करणारा मासा, गरम पाण्यातला. चिनूकही पळतो, पण दहाबारा अंशांच्या पाण्यात तो एवढा पाठलाग करत बसत नाही, आणि स्पूनची चाल तर तीनाच्या वर बिघडतेच. लेक ट्राउट याहूनही मंद, तळाशी थंड पाण्यात, त्याला १.५ ते २ पुरतो.

डुबणारा प्लग लावता येतो, पण मग गोळ्याची खोली म्हणजे आमिषाची खोली राहत नाही. क्लिपपासून जितकी दोरी मागे सोडाल त्याप्रमाणे प्लग गोळ्याच्याही खाली जातो. स्पून जवळपास गोळ्याच्याच उंचीवर चालतो, म्हणून खोली नेमकी राखायची तर स्पून सोयीचा.

सेलिश

दोरी किती मागे सोडायची याचं थोडं लिहिते, कारण त्याचा खोलीशी संबंध आहे. वरच्या ३० फुटांत, स्वच्छ पाण्यात मासा बोटीला बिचकतो. तिथे ५० ते १०० फूट मागे. ८०-१०० फूट खोल गेल्यावर बोटीची भीती उरत नाही, १० ते २० फूट पुरे. जवळ ठेवलं की वळणावर गुंता कमी आणि क्लिप झटकन सुटते. क्लिपचा ताण सैल ठेवू नका, नाहीतर बोट लाटेवर उसळली तरी दोरी सुटते. फार घट्ट ठेवला तर छोटा मासा लागून तासभर ओढला जातो आणि वर पत्ताच नसतो.

मिशिगनकाठ

सगळ्यांचे आभार. काल जाऊन आलो, जे पाहिलं ते लिहितो.

दोन दिवस नैर्ऋत्येचा वारा होता, म्हणून काकांचं ऐकून ८५ ऐवजी ५० फुटांच्या आसपास शोध घेतला. मासे ४५ ते ६० मध्ये दिसले. डावीकडे पातळ स्पून, उजवीकडे जाड. जीपीएस २.४, तोंड उत्तरेला. पहिल्यापासून उजवीकडचीच काठी वाकत होती. डावीकडच्या काठीचं टोक मी नीट बघत बसलो. ते एका लयीत हलत नव्हतं, मध्येच बारीक कंप, मध्येच काहीच नाही. स्पून वर काढला तर दोरीला पीळ बसलेला, स्विव्हलपाशी (दोरीतली फिरती कडी) गाठोळं झालेलं. म्हणजे तो खाली गिरक्या खात होता. वेग २.४ वरून १.९ वर आणला आणि काही वेळाने डावीकडेही पहिला लागला.

मग दक्षिणेकडे वळलो. १.९ वर दोन्ही बाजू गप्प. वाढवत वाढवत जीपीएसवर ३.२ दाखवायला लागलं, तेव्हा डावीकडच्या काठीचं टोक पुन्हा एका लयीत डुलू लागलं. मी तेवढ्यावर थांबलो आणि मासे लागले. कोनही बघितले: उत्तरेकडे १.९ ला आणि दक्षिणेकडे ३.२ ला केबल साधारण सारखीच कललेली होती. म्हणजे काल तरी वरखाली पाणी एकाच दिशेने चाललं होतं असं मी समजतोय. बरोबर ना, प्रवाही?

प्रवाही

हो. दोन्ही दिशांना स्पूनची चाल सारखी आणि कोनही सारखा, याचा अर्थ पाण्यात फार मोठा थरभेद नव्हता, निदान तुमच्या ५० फूट केबलच्या टप्प्यात. दोन्ही दिशांचे जीपीएस वेग घेऊन प्रवाहही काढता येतो: ३.२ वजा १.९ म्हणजे १.३, त्याचं निम्मं ०.६५. पाणी ताशी ०.६५ मैलाने दक्षिणेकडे चाललं होतं आणि तुमच्या आमिषाचा खरा वेग दोन्हीकडे २.५५ होता. पुढच्या वेळी ज्या दिवशी चाल सारखी पण कोन वेगळे येतील, त्या दिवशी थर उलटसुलट वाहतायत असं समजा आणि कोनमापकाकडे बघणं सोडून काठीच्या टोकाकडे बघा.

वारा_पाणी

आणि तो २.५५ वहीत लिहा, जीपीएसचा आकडा नको. सोबत वाऱ्याची दिशा, वेळ, केबलची लांबी आणि कुठला स्पून. लेक मिशिगनवर पुढचे दोन दिवस वारा ईशान्येचा दिसतोय. किनाऱ्याजवळ कोमट पाणी परत येईल, थर्मोक्लाइन खाली बसेल. शनिवारी जाणार असाल तर ७० पासून शोधायला सुरुवात करा, आणि प्रवाह आता उलटा फिरलेला असू शकतो हे गृहीत धरून पहिला फेरा दोन्ही दिशांना मारा.